थायरॉईडचा कर्करोग आणि आनुवंशिकता: तीन जनुकीय चाचण्यांपैकी कोणती निवडावी?

घरात एखाद्याला थायरॉईडचा कर्करोग झाला की बाकीच्यांपुढे तीन पर्याय येतात: केवळ आरईटी या एका जनुकाची तपासणी, अनेक जनुकांची एकत्रित तपासणी आणि शेकडो बारीक जनुकीय फरकांची गोळाबेरीज करून काढलेला जोखीम-गुणांक. यांतून निवड करताना प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकाआधी रुग्णाचा बायोप्सी अहवाल वाचावा, कारण थायरॉईड कर्करोगाच्या प्रकारांपैकी तो मेड्युलरी आहे की पॅपिलरी वा फॉलिक्युलर, यावर बहुतेक सारे अवलंबून असते.

मेड्युलरी प्रकार एकूण थायरॉईड कर्करोगांत थोडाच असला, तरी त्यातील सुमारे 25 टक्के रुग्णांमध्ये तो वंशागत असतो. याचे कारण 10 व्या गुणसूत्रावरील आरईटी जनुकातील दोष, जो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता 50 टक्के असते. 1993 मध्ये हा संबंध उघड झाला आणि त्यानंतर या चाचणीने उपचारांची वेळच बदलली. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, आरईटीमधील एम918टी हा सर्वाधिक जोखमीचा दोष असलेल्या बाळाची थायरॉईड ग्रंथी पहिल्या वर्षातच, तर 634 व्या कोडॉनमधील (याच जनुकातील एका ठरावीक जागेवरील) दोष असल्यास पाचव्या वर्षी किंवा त्याआधी काढावी, आणि मध्यम जोखमीच्या दोषांत रक्तातील कॅल्सिटोनिनवर (मेड्युलरी गाठ स्रवते त्या संप्रेरकावर) लक्ष ठेवून वेळ ठरवावी. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीतील गाठही याच दोषामुळे उद्भवू शकते आणि ती शस्त्रक्रियेआधी ध्यानात न आल्यास भूल देणेच धोक्याचे ठरते. कुटुंबातील दोष ज्याला मिळालेला नाही, त्याची वर्षानुवर्षांची देखरेख थांबते, हा लाभही लहान नाही. म्हणून घराण्यात दुसरा रुग्ण नसला तरी प्रत्येक मेड्युलरी रुग्णाची ही चाचणी व्हावी.

पॅपिलरी व फॉलिक्युलर प्रकारांत चित्र इतके स्वच्छ नाही. यांतील 3 ते 9 टक्के रुग्णांच्या कुटुंबात आणखी कोणी बाधित आढळते, पण बहुतेक अशा कुटुंबांत जबाबदार जनुक सापडत नाही; शिवाय पॅपिलरी कर्करोग इतका आढळतो की घरातील दोन रुग्ण हा योगायोगही असू शकतो. अनेक जनुकांची तपासणी उपयोगी पडते ती सोबत अन्य खुणा असतील तेव्हाच (कंसात संबंधित जनुक): मोठ्या आतड्यात असंख्य पॉलिप (एपीसी), स्तन वा गर्भाशयाचा कर्करोग आणि सरासरीपेक्षा मोठे डोके (पीटीईएन), किंवा लहान वयातच थायरॉईडमध्ये अनेक गाठी (डायसर1). या खुणा नसताना हाती पडते ते बहुधा ‘अर्थ अनिश्चित’ असे शेरे असलेले, काळजी वाढवणारे पान.

जोखीम-गुणांकाबाबत माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे, त्यामागील विज्ञान खरे असले तरी. 2009 मध्ये आइसलँडमधील संशोधकांनी फॉक्सई1 आणि एनकेएक्स2-1 या जनुकांजवळचे दोन सर्वसामान्य फरक दाखवून दिले. त्यांपैकी पहिल्याची प्रत्येक प्रत जोखीम सुमारे पावणेदोन पटींनी वाढवते. परंतु मूळ जोखीमच अल्प असल्यामुळे पावणेदोन पटींनंतरही ती अल्पच राहते. गुणांक जास्त आला की माणूस सोनोग्राफीकडे वळतो, आणि तिथे काय होते हे दक्षिण कोरियाने पाहिले आहे: सोनोग्राफीच्या सर्रास वापरामुळे 1993 ते 2011 या काळात तिथे थायरॉईड कर्करोगाचे निदान सुमारे 15 पट झाले, मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळपास तेच राहिले.

अहवाल वाचताना एक गल्लत हमखास होते. ‘बीआरएएफ व्ही600ई’ हा पॅपिलरी गाठीत वारंवार दिसणारा बदल त्या गाठीपुरता असतो, मुलांकडे जात नाही. मेड्युलरी गाठीत आढळलेला आरईटीमधील बदलही तेवढ्यावरून जन्मजात ठरत नाही. त्यासाठी रक्त किंवा लाळेचा नमुना लागतो. तो शक्यतो रुग्णाचाच आधी द्यावा, कारण त्याच्यातील दोष माहीत नसताना धडधाकट भावंडाचा निर्दोष आलेला अहवाल त्याला निर्धास्त करण्यास पुरेसा नसतो.