"बॅरल गेली" म्हणाले, तर आधी बोल्ट बघा

१० मीटर एअर रायफलचा ग्रुप, म्हणजे कागदावर पडणाऱ्या भोकांचा पुंजका, एका रात्रीत पसरला की कोल्हापुरात पालकांना एक ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं: "बॅरल गेली." परवा एका मुलीच्या वडिलांना या वाक्याचे ३५ हजार पडले. दुरुस्तीवाल्यानं त्यांच्यासमोर पाच छर्रे मारून दाखवले, भोकं सगळी इकडे-तिकडे. आठ दिवसांनी रायफल परत, ग्रुप झकास. नंतर जुने फोटो ताडून पाहिले तर बॅरल तीच, तोंडाजवळचा ओरखडाही तोच. आवळले होते ते फक्त स्टॉकचे (खांद्याला टेकवायच्या दस्त्याचे) दोन बोल्ट.

छर्रा शिशाचा, मऊ. आत ना दारू जळते ना बॅरल तापते. उद्यमनगरातल्या कुठल्याही टर्नरला विचारा, शिशानं पोलाद किती झिजतं ते! स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं ती ५० मीटरची पॉइंट टू-टू (दारूच्या काडतुसाची रायफल) वेगळी. तिथं जळत्या दारूचा गॅस हा चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढचा भाग खातो, तोही सावकाश. एअर रायफल अचानक बिघडली म्हणजे काहीतरी ढिलं झालंय, गळतंय किंवा बदललंय.

स्टॉकच्या बोल्टला ॲलन की लावा. पाव फेरा सहज फिरला तर दुखणं बहुधा तिथंच. आवळायचे ते कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कलाच; जोरात पिळले तर लाकूड दबतं आणि नवीन भानगड. मग डायॉप्टर (नेम धरायची मागची साइट) आणि पुढची साइट हातानं हलवून बघा. छर्र्यांचा डबा बदललाय का? डब्यावर ४.४९, ४.५० असा मिलिमीटरमधला आकार असतो, तेवढ्या फरकानंही ग्रुप उघडतो. दुकानात "टेस्ट" करताना छर्रे बदलायची हीच चलाखी करतात, म्हणून छर्रे आपलेच न्या. क्रोनोग्राफवर (छर्र्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) सलग दहा शॉटांत वेग १६५ ते १७५ मीटर प्रतिसेकंद असा नाचला तर हवेचा दाब सारखा राखणारा रेग्युलेटर किंवा सील बघायचं. बॅरलचा त्यात काही दोष नाही.

खरा निकाल शिकंजा देतो. स्टॉक काढून ॲक्शन (बॅरल जिला जोडलेली असते तो यंत्राचा भाग) शिकंज्यात धरायची, दहा छर्रे मारायचे. बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ग्रुप ७-८ मिलिमीटरमध्ये बसला, तर बॅरल ठणठणीत आहे.

तरीही बदलायचीच ठरली तर देण्याआधी बॅरलच्या खुणांचे फोटो काढा आणि जुनी बॅरल परत मिळेल असं पावतीवर लिहून घ्या. "ती कंपनीला पाठवावी लागते" म्हणाला, तर रायफल उचलून घरी या.