मुलांच्या आवडीचे प्रकल्प: आठवड्याची तासिका, शनिवार की सलग पाच दिवस?

वेळापत्रक लागायच्या आधी हे ठरवून टाका, नंतर कुणी तासिका सोडत नाही. मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते, वर्गात ४८ मुलं, आणि गेल्या तीन वर्षांत "तुला जे आवडतं त्यावर काम कर" हा प्रकार तीन पद्धतींनी करून झालाय. घरून करून आणा ही चौथी पद्धत मी धरतच नाही, त्यात आई रात्री अकराला पुठ्ठा कापत बसते नाहीतर बाबा स्टेशनरीच्या दुकानातनं तयार चार्ट आणतात, मग आवड कुणाची ते विचारूच नका.

पहिली पद्धत, आठवड्याला एक तासिका. याला बाहेर जीनिअस अवर म्हणतात, गूगलवरून आलेली कल्पना, २००४ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा संस्थापकांनी पत्रात लिहिलं होतं की आम्ही कर्मचाऱ्यांना २० टक्के वेळ स्वतःच्या डोक्यातल्या कामाला द्यायला सांगतो. आता आमच्याकडे आठवड्याला ४५ तासिका, त्याचे २० टक्के म्हणजे ९, मागून बघा मुख्याध्यापकांकडे. एक मिळते, तीही ३५ मिनिटांची. त्यात "मॅडम माझी पिशवी कुणीतरी घेतली" मध्ये ८ मिनिटं, शेवटी आवराआवरीत ५, राहिली २२. आमच्या एका मुलाला पुठ्ठ्याची लाल एसटी करायची होती, दार खरंखुरं उघडणारी, तर बिचाऱ्याने फेविकॉल लावला की घंटा, पुढच्या आठवड्यात यावं तर दार वाकडं चिकटलेलं, ते उपटण्यातच तासिका संपायची. दिवाळीपर्यंत एसटी डेपोतनं निघालीच नाही.

पण हीच पद्धत त्याच वर्गातल्या एका मुलीला अशी काही फळली की विचारू नका. तिचा प्रश्न होता, आजीची भाकरी फुगते आणि माझी चिरते, असं का. आजीचं उत्तर ठरलेलं, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली. मग विरी जाते म्हणजे नक्की काय होतं आणि किती दिवसांत? ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे गव्हाच्या कणकेसारखं ते पीठ ताणलं जात नाही, पाणी उकळतं घातलं की स्टार्च फुगून चिकटपणा येतो आणि भाकरी धरून राहते, एवढं मी सांगितलं, बाकी सगळं तिचं. एकदाच दळण आणलं, डब्यावर तारीख टाकली, दर गुरुवारी रात्री त्याच पिठाच्या दोन भाकऱ्या, एक गार पाण्यातली, एक उकळत्या, वाटी तीच, चिरा मोजून वहीत, आणि शुक्रवारी वर्गात येऊन आलेख. चौथ्या आठवड्यात गार पाण्यातली परातीतनं उचलतानाच फाटली, उकळत्या पाण्यातली अजून तग धरून होती. सहाव्या आठवड्यात आजी म्हणाली, आता ते पीठ म्हशीला घाला. सांगा, हे सलग पाच दिवसांत कसं झालं असतं?

माझ्या मते सगळी निवड या एका गोष्टीवर अडते, दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत प्रकल्पाचं काय होतं. भाकरीचा प्रकल्प त्या मधल्या दिवसांतच होत होता, एसटीचा त्याच दिवसांत बिघडत होता.

सलग पाच दिवस मी पुढच्या वर्षी घेतले. याला वरून आधार आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना सांगितलेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम शिकायचं म्हणून, तेव्हा मुख्याध्यापकांपुढे ते पान ठेवा. एसटीवाला आता आठवीत होता, तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचं दार उघडलं, बिजागरी म्हणून जुन्या वहीचं कापड लावलेलं, आणि अख्खा वर्ग ते दार उघड-बंद करून बघायला रांगेत! बनवायचं काम असेल तर याला तोड नाही. पण ज्यांनी मेथी पेरली होती ते बुधवारपासून नुसते कुंडीकडे बघत बसले, आणि ज्यांचा विषय मंगळवारीच कंटाळवाणा झाला त्यांना शुक्रवारपर्यंत तोच गळ्यात, आठवड्याच्या तासिकेत निदान विषय बदलायला उसंत मिळते. शिवाय तुमचे पाच दिवस म्हणजे गणिताच्या सरांचा पाच दिवसांचा पोर्शन, ते वर्षभर ऐकून घ्यायची तयारी ठेवा. आणि तुमचं अंग दुखतं ते वेगळंच, ४८ मुलं आणि कात्र्या ११.

शनिवारबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आपल्याकडे २०२४ पासून पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार आहे, त्यामुळे वेळेसाठी कुणाशी भांडावं लागत नाही, हाच मोठा फायदा. पण सकाळची शाळा, हजेरी कमी, कधी प्रभातफेरी, कधी मीटिंग, आमच्या हाती सहामाहीत जेमतेम निम्मे शनिवार लागले. नाटुकलं, गाणं, विणकाम, जिथे मागच्या वेळचा धागा तुटला तरी चालतं, तिथे शनिवार छान.

पहिल्यांदाच करणार असाल तर माझं मत पंधरा दिवसांतून एकदा जोडतासिका. हिशोब सोपा आहे, दोन सुट्या तासिकांत २२ आणि २२ म्हणजे ४४ मिनिटं हातात येतात, तेच जोडून घेतल्या तर काढणं-आवरणं एकदाच, ७० मधून १३ गेले, ५७. मी चित्रकलेच्या सरांशी अदलाबदल केलीय, एका आठवड्यात माझी त्यांना, पुढच्या आठवड्यात त्यांची मला, वेळापत्रकाला हातसुद्धा लागला नाही. ज्यांना दुसरी किंवा तिसरी वेळ आहे त्यांनी मात्र आधी मुलांकडून चिठ्ठ्या घ्या, एप्रिलमध्ये परीक्षेनंतर निकालापर्यंत जे रिकामे दिवस असतात तेव्हा, आणि त्यांचे दोन गठ्ठे करा, वाट बघायचे प्रश्न आणि बनवायच्या वस्तू. जो गठ्ठा जाड त्याप्रमाणे ठरवा.

गुणांचं विचाराल तर आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या तपासणीत, प्रकल्प आहेच, वेगळं काही उभं करायची गरज नाही, मी वहीतल्या नोंदींना गुण देते, चार्टला शून्य. इन्स्पायर मानकचे, म्हणजे मुलांच्या विज्ञानातल्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या पुरस्काराचे, १०,००० रुपये डोळ्यासमोर ठेवून विषय निवडायला लागलात तर मग तो हळूहळू तुमचाच प्रकल्प होतो, ते वेगळं करा, जरूर करा, पण यात मिसळू नका.

आणि हो, यातली कुठलीही पद्धत घ्या, आधी कपाट मागा. सलग पाच दिवसांना एका वर्गाचं कुलूप पुरतं, पण पंधरवड्याच्या पद्धतीत ४८ अर्धवट वस्तू १४ दिवस कुठेतरी राहायला हव्यात. आम्ही पहिल्या वर्षी जिन्याखाली ठेवल्या होत्या, उंदरांनी एक अख्खी सूर्यमाला खाल्ली, प्लूटो तेवढा प्लास्टिकचा होता म्हणून वाचला.