रंग नको, आधी छप्पर: दिल्लीचं रेल्वे संग्रहालय, मिरजेच्या नजरेतून

दिल्लीच्या चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय मुलांना जॉय ट्रेनमध्ये बसवून दोन तासांत उरकता येतं. इंजिनांचं वेड असेल तर मात्र दिवस पुरत नाही. हे परीक्षण दुसऱ्या गटासाठी, त्यातही मिरज-सांगलीकडच्यांसाठी आहे. ‘एखादं जुनं इंजिन आणून स्टेशनसमोर उभं करा’ म्हणणारे रेल्वेप्रेमी आपल्याकडे कमी नाहीत. उभं केल्यावर पुढं काय करावं लागतं याचा विचार मात्र फारसा होत नाही, आणि तो करायला ही जागा चांगली आहे.

जायचं कसं, ते आधी. मिरजेत गोवा एक्स्प्रेस पकडून निजामुद्दीनला उतरायचं. तिथल्या सराय काले खां मेट्रो स्थानकावरून पिंक लाइन थेट सर विश्वेश्वरय्या मोतीबागला जाते, मध्ये बदलायचं नाही. मोतीबागहून रिक्षा. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेव्हा रविवारी रात्री दिल्लीत पोचण्याचा बेत करू नका. उन्हाळ्यात गेलात तर बाहेरचा भाग सकाळी आणि आतली दालनं दुपारी. उलट केलंत तर भर दुपारी तापलेल्या लोखंडाशेजारी उभं राहून पाट्या वाचाव्या लागतात.

पायाभरणी १९७१ ची, उद्घाटन १ फेब्रुवारी १९७७ चं. संग्रह किती मोठा, यापेक्षा त्याची निवड कशी, हे पाहण्यासारखं आहे. मीटर गेजचं (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या मार्गाचं) एफ ७३४ हे त्यातलं सगळ्यात मोलाचं इंजिन, आणि नेमकं तेच लोक ओलांडून जातात. १८९५ साली अजमेरच्या कारखान्यात बांधलेलं हे ०-६-० (पुढची आधारचाकं, मधली ओढणारी चाकं, मागची आधारचाकं किती ते सांगणारे आकडे) इंजिन भारतात तयार झालेलं पहिलं बाष्प इंजिन मानलं जातं. दिसायला साधं, अंगानं लहान. पण पुणे-मिरज मार्ग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मीटर गेजच होता. ज्यांच्या घरात त्या गाड्यांच्या गोष्टी अजून निघतात, त्यांनी या इंजिनाजवळ थांबून एका मीटरच्या रुळांवर लोखंड किती आटोपशीर बसवावं लागायचं ते बघावं.

दुसरं नाव ‘सर लेस्ली विल्सन’, क्रमांक ४५०२. हे १९२८ चं विजेवरचं इंजिन, १५०० व्होल्ट डीसीवर चालणारं. खंडाळ्याच्या आणि कसाऱ्याच्या घाटात या वर्गानं मालगाड्या ओढल्या आणि ढकलल्या. मुंबईकडचे रेल्वेवाले त्याला खेकडा म्हणतात. विजेचं इंजिन असूनही चाकांना बाष्प इंजिनासारखे जोडदांडे आहेत. मोटर थेट आसावर नसून वर, नाकाडात बसवलेली आहे आणि तिची ताकद आडव्या दांड्यांनी चाकांपर्यंत उतरते. बाजूला वाकून हे नीट पाहिलं की दोन्ही टोकांना एवढी लांब नाकाडं का, हे पाटी न वाचता कळतं.

बंगाल नागपूर रेल्वेचं एन वर्गाचं गॅरेट, क्रमांक ८१५, हे तिथलं सगळ्यात अवाढव्य धूड. एकच बॉयलर, त्याच्या पुढं आणि मागं स्वतंत्र चाकांचे दोन संच, ४-८-०+०-८-४. वजन दोनशे टनांच्या वर. फोटोत ते कधीच पूर्ण मावत नाही, तो नाद सोडा आणि बॉयलरची चौकट दोन्ही संचांवर जिथं टेकते तो फिरता सांधा पाहा. वळणावर सगळी हालचाल तिथंच होते.

पतियाळा संस्थानाची मोनोरेल ही तिथली सगळ्यात गाजलेली वस्तू. १९०७ ची. एकच रूळ, आणि तोल सांभाळायला बाजूला रस्त्यावरून फिरणारं मोठं चाक. बहुतेक वजन रुळावर पडतं, बाजूच्या चाकावर अगदी थोडं. ही गाडी १९२७ मध्ये थांबली, पुढं मायकेल सॅटो या इंग्रज रेल्वेप्रेमीला तिचे अवशेष १९६२ मध्ये पतियाळ्यात सापडले आणि अमृतसरच्या कारखान्यात तिला पुन्हा उभं केलं गेलं. ती वाफेवर फिरवली जाते तो दिवस गाठता आला तर उत्तम. तिकीट खिडकीवर आधी विचारा.

संग्रहाला गुण पूर्ण. आता मुद्द्याचं.

मोठी इंजिनं बहुतेक उघड्यावर आहेत. जागेचा आणि पैशाचा हिशेब बघता ते समजण्यासारखं आहे, शिवाय दिल्लीची हवा कोकणाइतकी दमट नाही. पण उघड्यावरच्या इंजिनाला नक्की काय होतं, हे पाट्यांवर कुठंतरी सांगायला हवं होतं. देशभर स्टेशनांसमोर चबुतऱ्यावर ठेवलेल्या इंजिनांची जी दशा होते ती याच अज्ञानातून.

इंजिन बाहेरून दिसतं त्याहून जास्त आतून गंजतं. धुराड्याचं तोंड उघडं राहिलं की पावसाचं पाणी थेट स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे धुराड्याखालच्या पेटीत उतरतं. तिथं शेवटच्या फेरीची राख पडलेली असते. दगडी कोळशात गंधक असतं, त्यामुळे ती राख ओली झाली की आम्ल तयार होतं आणि स्मोकबॉक्सच्या तळाचा पत्रा खात जातं. वरून काळा रंग चकाचक, आणि खालून पत्रा बोटानं फुटतो. उपाय सोपा आहे: आणल्या दिवशी स्मोकबॉक्स, राखेची पेटी आणि फायरबॉक्स (आग पेटते ती पेटी) कोरडे खरवडून काढायचे, धुराड्यावर टोपी बसवायची, पण टोपीखाली बोटभर फट ठेवायची. हवा पूर्ण बंद केली तर रात्रीच्या गारव्यात आतल्या आत दव जमतं.

बॉयलरचंही तेच. धुण्यासाठीचे खालचे प्लग काढून ठेवायचे, म्हणजे साचलेलं पाणी निथळतं. सिलिंडरचे निचऱ्याचे नळ उघडे ठेवायचे. बाजूच्या टाक्या तळापासून रिकाम्या करायच्या. जुन्या शेडमध्ये एखादं इंजिन लांब मुदतीसाठी ठेवायचं असलं तर बॉयलर पूर्ण सुकवून आत कळीच्या चुन्याची तबकं सरकवत आणि झाकणं बंद करत. चुना ओल ओढून घेतो. अधूनमधून तो बदलावा लागतो, आणि ते काम कुणाच्या नावावर लिहिलेलं नसेल तर कुणीच करत नाही. बॉयलरभोवतीच्या पत्र्याच्या आतलं जुनं लेपन ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. हौशी लोकांनी ते हातानं उचकटायचं नाही.

रंगाबद्दल रेल्वेप्रेमींची तक्रार जुनी आहे आणि रास्त आहे. दरवर्षी एखाद्या समारंभाच्या आधी जुन्या रंगावर नवा थर चढतो. दहा थरांनंतर रिव्हेटांची डोकी गुळगुळीत होतात, कारखान्याच्या पाटीवरची अक्षरं बुजतात. कनेक्टिंग रॉडला (चाकं फिरवणाऱ्या दांड्याला) चंदेरी रंग फासणं हा तर गुन्हाच समजावा. तो भाग मुळात घासून चमकवलेल्या उघड्या पोलादाचा असतो. त्यावर तेलाचा किंवा मेणाचा पातळ हात हवा, वर्षातून निदान दोनदा पुसून नव्यानं. मूळ रंग कोणता होता हे शोधायचं तर कुणाच्या आठवणीवर विसंबू नये. एका कोपऱ्यात पाण्यासकट चालणाऱ्या बारीक पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा उतरत्या थरांत घासायची. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे सगळे थर एकाबाहेर एक दिसतात.

सागवानी डब्यांना छप्पर नसेल तर ते आणूच नयेत, इतकं स्पष्ट मत द्यायला हरकत नाही. छताचं कॅनव्हास फाटलं की पाणी कडेच्या पन्हाळीतून खांबांच्या सांध्यात शिरतं, मागून वाळवी येते. लोखंडी सांगाडा तग धरतो, लाकूड काही वर्षांत संपतं.

चालवावं की उभं ठेवावं, यावर दोन इंजिनप्रेमी कधी एकमत होत नाहीत. चालतं इंजिन म्हणजे झिजणारं इंजिन, आणि झिजलं की भाग बदलणं आलं. बरेच भाग बदलले तर जुनं उरलं काय, असं एक बाजू विचारते. दुसरी बाजू फेअरी क्वीनकडे बोट दाखवते. १८५५ चं हे इंजिन १९०९ मध्ये निवृत्त झालं, हावड्याला चबुतऱ्यावर उभं राहिलं, मग चंदौसीच्या रेल्वे शाळेत गेलं, आणि १९९७ मध्ये पुन्हा वाफेवर धावलं. आमचा कौल मधला: एकुलतं एक असेल ते उभं ठेवा, जुळी भावंडं असतील त्यातलं एक चालवा.

चालतं बघायचं असेल तर दिल्लीच्या सहलीला हरियाणातलं रेवाडी जोडा. १८९३ ची लोको शेड, ब्रॉड गेज आणि मीटर गेज दोन्हींची इंजिनं, त्यात १९४७ चं बाल्डविन बनावटीचं डब्ल्यूपी ७२०० ‘आझाद’. संग्रह दिल्लीपेक्षा लहान आहे, पण तेल, कोळसा आणि गरम लोखंडाचा वास फक्त इथं मिळतो. वाफ करण्याचा दिवस असेल तर गाडी सुटण्याच्या वेळी पोचू नका, पेटवणी चालू असताना पोचा. थंड बॉयलर घाईनं तापवला तर फायरबॉक्स आधी फुगतो, बाकीचा पत्रा मागं राहतो, आणि नळ्यांचे सांधे गळू लागतात. म्हणून आग तासन्‌तास हळूहळू वाढवतात. बॉयलरची चाचणी आधी पाण्याच्या दाबावर का घेतात, हेही तिथल्या माणसाला विचारा. पाणी दाबलं तरी फारसं आक्रसत नाही, त्यामुळे कुठं फुटलंच तर गळतं, वाफेसारखा स्फोट होत नाही.

आता आपलं. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी अशी सुरू झाली आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं आखलेल्या या अडीच फुटी लायनीचा जगभर अभ्यास झाला तो एका नियमासाठी: कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही. म्हणून किटसनच्या पहिल्या इंजिनांना ०-८-४ अशी इतकी चाकं, आणि म्हणून दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरले. पुढं ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेजं मिरज जंक्शनात एकत्र होती. तिथं संग्रहालय व्हायचं तर इंजिनापेक्षा तिन्ही गेजांचे शेजारी-शेजारी टाकलेले चार-चार मीटर रूळ, स्लीपर आणि खिळ्यांसकट, जास्त शिकवतील. खर्चही किरकोळ.

इंजिन हवंच असेल तर मागणीच्या पत्रात क्रम असा असावा: आधी शेड, रुंद पागोळ्यांची आणि दोन्ही बाजू मोकळ्या. मग पाणी निथळणारा खडीचा पाया. मग वर्षातून दोनदा देखभाल करणाऱ्याचं पद आणि तेल-मेणाचा खर्च. पितळी दाबमापकं, शिट्टी, पाट्या आधीच काढून चिठ्ठ्या बांधून कुलपात, कारण सगळ्यात आधी चोरी होते ती त्यांची. सर्वात शेवटी इंजिन. आणि सांगली शहरात नदीकडच्या भागात जागा सुचवू नका. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पुरातला गाळ ॲक्सल बॉक्समध्ये (आसाचं टोक फिरतं त्या पेटीत) शिरला की तेलाची गादी आणि बेअरिंग दोन्ही गेली.

दिल्लीला इतक्यात जमणार नसेल तर हुबळीचं २०२० मध्ये उघडलेलं रेल्वे संग्रहालय एका दिवसात होतं. मिरजेहून थेट गाड्या आहेत, आणि आपल्या मीटर गेजचं मूळ घराणं, सदर्न मराठा रेल्वे, तिकडचंच. निघण्याआधी सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्या.