कॅलिफोर्निया क्लायमेट ॲक्शन कोअर फेलोशिप: घ्यावी का? (५ पैकी ३.५ स्टार)

बे एरियातल्या मराठी ग्रुपवर मुलांच्या गॅप इयरचा विषय निघाला की ही फेलोशिप येतेच, म्हणून लिहितोय. २०२० मध्ये राज्य सरकारने सुरू केली, अमेरिकोरशी (केंद्र सरकारचा समाजसेवेचा कार्यक्रम) जोडलेली आहे, आणि फुकटची समाजसेवा नाहीये, दरमहा स्टायपेंड आणि शेवटी शिक्षणासाठी पैसे मिळतात.

काम मुख्यतः तीन प्रकारचं. झाडं लावणं, वणव्यापासून बचावाची तयारी आणि ओला कचरा नि वाया जाणारं चांगलं अन्न वाचवणं. मला विचाराल तर हे तिसरं सगळ्यात भारी, कारण २०२२ पासून कंपोस्टचा, म्हणजे ओला कचरा वेगळा टाकायचा कायदा लागू झालाय पण घरोघरी जाऊन 'ताई, पिझ्झाचा बॉक्स कुठल्या डब्यात' हे समजावणार कोण, ते ही पोरं करतात, आणि त्यात लोकांशी बोलायची जी सवय लागते ना ती कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

आता स्टार का कापले. इथली भाडी बघता त्या स्टायपेंडमध्ये एकट्याने राहणं कठीणच, आईबाबांकडे राहणाऱ्यालाच परवडतं, मग गरीब घरातल्या पोरांनी काय करायचं? शिवाय केंद्राचा पैसा म्हणजे टांगती तलवार, एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकोरच्या ग्रँट्सना केवढी कात्री लागली ते पाहिलंच आपण.

आणि हो, एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा) व्हिसावर असाल तर फॉर्म भरत बसू नका, सिटिझन किंवा ग्रीन कार्डवालेच चालतात.