मेळघाटातली ग्रामसडक : दहापैकी डांबराला सात, नालीला तीन

धारणी-चिखलदऱ्याकडे एखाद्या ढाण्यापर्यंत, म्हणजे कोरकू आदिवासींच्या लहान वस्तीपर्यंत, प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता पोचला की पहिल्या उन्हाळ्यात तो सगळ्यांनाच आवडतो. त्याची खरी परीक्षा तिसऱ्या पावसाळ्यात होते, आणि गुण तेव्हाचेच धरावेत.

आधी पैशाचं. योजना २५ डिसेंबर २००० पासूनची. सुरुवातीला बांधकामाचा सगळा खर्च केंद्राचा होता, २०१५-१६ पासून महाराष्ट्रात केंद्र-राज्य वाटणी ६०:४० अशी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात देशभरातल्या २५,००० वस्त्यांसाठी ६२,५०० किलोमीटर आणि ७०,१२५ कोटी रुपये ठेवलेत. भागाकार केला तर किलोमीटरला साधारण १ कोटी १२ लाख. एवढ्यात चांगला रस्ता होतो. अडचण निकषाची आहे. सपाट भागात वस्तीची लोकसंख्या ५०० हवी, आदिवासी भागात २५०, आणि तीही २०११ च्या जनगणनेची. त्याहून लहान कोरकू ढाण्यांना या खिडकीवर काही मिळत नाही. त्यांच्यासाठी रस्त्याला वनजमीन देणारं वनहक्क कायद्याचं कलम ३(२) आहे: ग्रामसभेची शिफारस, एक हेक्टरच्या आतली वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. सहा मीटर रुंदीनं हिशेब लावला तर एक हेक्टरात रस्ता दीड किलोमीटरच्या थोडा पुढे जातो. बऱ्याच ढाण्यांना तो पुरत नाही.

आता प्रत्यक्ष रस्ता. टेप आणि सुतळी एवढ्यावर तपासणी होते. डांबरी पट्टा ३.७५ मीटर हवा. वाहतूक अगदी कमी असेल तर ३ मीटर चालतो. डोंगरात साइडपट्ट्या धरून एकूण रुंदी ६ मीटर. आडवा उतार किमान तीन टक्के, म्हणजे ३.७५ मीटरच्या पट्ट्यात मध्य कडेपेक्षा निदान साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास उंच पाहिजे. सुतळी आडवी ताणून पट्टीनं मोजा. मध्य आणि कड सपाट निघाली तर पाणी डांबरावरच थांबणार. वरचा कार्पेट, म्हणजे खडी-डांबराचा थर, जेमतेम २० मिलिमीटरचा असतो आणि त्यावरचा सीलकोट, म्हणजे छिद्रं बुजवणारा पातळ थर, नीट बसलेला नसेल तर तो चाळणीसारखा गळतो. पाणी खालच्या गिट्टीत उतरलं की खड्डा ठरलेलाच. लोक ठेकेदारानं डांबर खाल्लं म्हणतात. कधी ते खरंही असतं, पण मेळघाटात बहुतेक खड्ड्यांची सुरुवात नालीपासून होते.

डोंगराकडच्या नालीत सागाचा पाला साचतो. सागाचं पान मोठं आणि चिवट. दोन-चार टोपल्या पाल्यानं रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीचं तोंड बंद होतं. मग डोंगरावरून आलेलं पाणी मोरीतून न जाता रस्ता ओलांडतं आणि दरीकडची साइडपट्टी कापत नेतं. पट्टी गेली की डांबराची कड उघडी पडते, बांबूचा ट्रक समोरच्या गाडीला जागा द्यायला कडेवर उतरतो आणि कड तुटते. मोरीचा पाइप फुटलेला क्वचितच दिसतो, तुंबलेला जागोजाग. फावडं आणि दोन माणसं, अर्ध्या दिवसाचं काम, तेही होत नाही.

रपट्यांबद्दल, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणाऱ्या ठेंगण्या पुलांबद्दल, अपेक्षा बेताची ठेवा. ‘बारमाही रस्ता’ या शब्दाच्या व्याख्येतच पुरात काही तास वाहतूक थांबणं बसतं. बाळंतिणीला घेऊन निघालेल्या गाडीला ही व्याख्या ऐकवून उपयोग नाही, पण कागदावर काम पूर्ण असतं.

खाली अचलपूर-चांदूर बाजारच्या काळ्या मातीत दुखणं वेगळं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. कडेची माती आधी वाळते, म्हणून कडेला समांतर लांब भेगा पडतात. खाली मुरुमाचा जाड थर दिलेला किंवा मातीत चुना मिसळलेला असेल तर त्रास कमी. भेगांवर नुसतं डांबर ओतणं म्हणजे पैसे पाण्यात.

योजनेतला सगळ्यात चांगला भाग पाच वर्षांच्या देखभालीचा, आणि तोच कोणी वापरत नाही. ज्यानं रस्ता बांधला त्याच ठेकेदाराकडे, त्याच करारात, खड्डे बुजवणं, साइडपट्टी भरणं, नाली-मोरी साफ करणं आणि झुडपं छाटणं असतं. हा खर्च राज्याचा. रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो; त्यावरची काम पूर्ण झाल्याची तारीख ग्रामपंचायतीत लिहून ठेवा. मे महिन्यात प्रत्येक मोरीच्या तोंडाचा फोटो लोकेशन चालू ठेवून काढा, पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा काढा, आणि नेटवर्क मिळेल तिथून ‘मेरी सडक’ अ‍ॅपवर टाका. सोबत किलोमीटर आणि मोरीची जागा लिहिलेला अर्ज द्या, पोच घ्या. ‘रस्ता खराब आहे’ एवढ्याच अर्जाला ‘पाहणी केली’ एवढंच उत्तर येतं.

चौथ्या वर्षाची दिवाळी झाली की सगळ्या मोऱ्या आणि तुटलेल्या कडा मोजून एकच यादी द्या. पाचवं वर्ष उलटलं की तोच खड्डा वेगळ्या निधीच्या रांगेत जातो, आणि ती रांग फार लांब आहे.