प्रोव्हायडरचा डीएनएस सोडला, स्वतःचा अनबाउंड लावला: काही महिन्यांनंतरचा अनुभव

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) शोधणारी यंत्रणा, हे माहितीये असं धरून थेट मुद्द्यावर येतो. माझ्या इंटरनेट प्रोव्हायडरचा डीएनएस सर्व्हर खोटं बोलतो. अस्तित्वातच नसलेलं नाव विचारलं की उत्तर यायला पाहिजे एनएक्सडोमेन, म्हणजे असं नाव नाही, विषय संपला. त्याऐवजी हा स्वतःच्याच एका सर्व्हरचा आयपी देतो आणि ब्राउझरमध्ये जाहिरातींनी भरलेलं सर्च पेज उघडतं. इतके दिवस ते पेज बंद करून पुढे जायचो, पण घरून काम सुरू झालं आणि ऑफिसच्या आतल्या सर्व्हरची नावं अधूनमधून उघडेचनात, कारण व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी खाजगी लाइन) जोडला जायच्या आधीच लॅपटॉपने ते नाव प्रोव्हायडरला विचारलेलं असायचं, त्याने बिनदिक्कत आपला आयपी दिलेला असायचा आणि तो कॅशमध्ये (लॅपटॉपच्या तात्पुरत्या साठ्यात) बसलेला. कस्टमर केअरला सांगितलं तर म्हणे "पेज उघडतंय ना सर, मग प्रॉब्लेम काय आहे?" इथे डोकं फिरलं. जुना रास्पबेरी पाय (छोटा, स्वस्त कॉम्प्युटर) पडून होता, त्यावर अनबाउंड (स्वतःचा डीएनएस सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकला आणि राउटरमध्ये डीएनएस म्हणून त्याचा पत्ता दिला. नवीन खर्च काहीच नाही.

हा उद्योग काही आजचा नाही. सप्टेंबर २००३ मध्ये व्हेरीसाइनने (डॉट कॉम, डॉट नेटच्या नावांची यादी सांभाळणारी कंपनी) डॉट कॉम आणि डॉट नेटमधल्या सगळ्याच नसलेल्या नावांना स्वतःच्या साइट फाइंडर या सर्च पेजचा पत्ता द्यायला सुरुवात केली होती. पाठवणाऱ्याचं डोमेन खरंच आहे का एवढंच बघणारे स्पॅम फिल्टर त्यामुळे निकामी झाले, ओरड झाली आणि काही आठवड्यांत ते बंद करावं लागलं. "नाही" या उत्तरावर किती सॉफ्टवेअर उभं असतं ते तेव्हाच दिसलं होतं, तरी प्रोव्हायडर लोक अजून तेच करतायत याचा मला मनापासून राग येतो.

सुरुवातीला मात्र अनबाउंड स्लो वाटला. नवीन साइट उघडताना जरा अडखळायचं. तो कुणा मोठ्या सर्व्हरला आयतं उत्तर विचारत नाही, मुळापासून शोधतो: आधी रूट सर्व्हर (ए ते एम अशी १३ नावं आहेत, प्रत्यक्षात त्यामागे जगभर शेकडो मशीन आहेत), रूट सांगतो डॉट कॉमवाले कुठे बसतात, ते सांगतात त्या डोमेनचे सर्व्हर कुठे, आणि शेवटी खरा आयपी मिळतो. मी पहिल्याच आठवड्यात ८.८.८.८ वर (गुगलचा सगळ्यांसाठी खुला डीएनएस) जायच्या बेतात होतो. पण थोडा वापर झाल्यावर हे मत बदललं. प्रत्येक उत्तराला टीटीएल असतो, म्हणजे किती सेकंद ते जपून ठेवायचं. डॉट कॉमचे सर्व्हर कोणते या माहितीचा टीटीएल १७२८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस. अनबाउंड स्वतःच्या लिमिटप्रमाणे एक दिवस ठेवतो, तरी रूटकडे जायची वेळ क्वचितच येते, बहुतेक वेळा फक्त शेवटची एक फेरी उरते. प्रीफेच ऑन केलं की रोजच्या साइटचा टीटीएल संपत आला असतानाच तो नवीन उत्तर आणून ठेवतो. आता स्पीडबद्दल काही तक्रार नाही. शिवाय रूटला तो पूर्ण नाव सांगतच नाही, फक्त डॉट कॉमबद्दल विचारतो, हे मला फार आवडलं.

पण खरा आनंद आहे तो "नाही"चाच. डीएनएससेकमध्ये (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करायची पद्धत) नुसतं उत्तर साइन केलेलं नसतं, नकारही साइन केलेला असतो. झोन म्हणजे एका डोमेनच्या नावांची यादी, आणि सगळ्यात वरचा रूट झोन २०१० पासून साइन्ड आहे. विचारलेलं नाव नसेल तर "या नावानंतर थेट ते नाव येतं, मधे काही नाही" असा सही असलेला रेकॉर्ड येतो, एनसेक म्हणतात त्याला. साइन्ड झोनमध्ये मधल्या कुणी खोटा आयपी घुसवला तर सही जुळत नाही आणि अनबाउंड ते उत्तर फेकून देतो. अनबाउंडमधलं अ‍ॅग्रेसिव्ह एनसेक हे सेटिंग चालू असेल तर त्याच रेकॉर्डवरून मधल्या बाकीच्या नावांनाही तो बाहेर न विचारता "नाही" सांगतो. हे लॉगमध्ये बघत बसायला मला अजूनही आवडतं.

आता तक्रार. खरा नकारसुद्धा चिकटून बसतो. मित्राने त्याच्या डोमेनवर नवीन सबडोमेन बनवायला घेतलं, मी ते तयार व्हायच्या आत उघडून पाहिलं, आणि नंतर रेकॉर्ड टाकला तरी माझ्याकडे तासभर "नाही"च. नकार किती वेळ ठेवायचा ते त्या झोनच्या एसओए रेकॉर्डवरून (झोनची मूळ माहिती देणारी नोंद) ठरतं, १९९८ च्या आरएफसी २३०८ या इंटरनेटच्या नियमपत्रात हा नियम आहे आणि तिथे एक ते तीन तास ठीक असं म्हटलंय. माझ्या मते आजच्या काळात हे फार जास्त आहे. अनबाउंडमध्ये याची कमाल मर्यादा डीफॉल्ट ३६०० सेकंद आहे, मी ३०० केली. घाई असेल तर फ्लश निगेटिव्ह कमांड आहेच.

आणि रास्पबेरी पायवाल्यांनी लक्षात ठेवा, जुन्या मॉडेलमध्ये बॅटरीवालं घड्याळ नसतं. लाइट जाऊन आली की वेळ चुकलेली, सह्यांच्या तारखा जुळत नाहीत, सगळीकडे सर्व्हफेल (उत्तर देता आलं नाही असा एरर), आणि वेळ दुरुस्त करणाऱ्या सर्व्हरचं नाव शोधायलाही डीएनएसच लागतो. टाइम सर्व्हर आयपीने द्या, सुटतं.

लावायच्या आधी एक टेस्ट नक्की करा. डिग कमांडने (डीएनएसला थेट प्रश्न विचारणारी) कुठलंही नाव १९२.०.२.१ ला विचारा. हा पत्ता फक्त उदाहरणांसाठी राखीव आहे, तिथे कुणीच नसतं, त्यामुळे टाइमआउट यायला पाहिजे. उत्तर आलं तर पोर्ट ५३ (साधा डीएनएस ज्यावरून जातो तो) मधेच कुणीतरी अडवतंय. मग माझ्यासारखा थेट रूटपासून शोधणारा सेटअप चालणार नाही, अनबाउंडला ८५३ पोर्टवरून टीएलएसने (एन्क्रिप्ट करून) बाहेरच्या भरवशाच्या रिझॉल्व्हरकडे, म्हणजे नावं शोधून देणाऱ्या सर्व्हरकडे, पाठवावं लागेल.