हिऱ्याची थर्मल पेस्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा म्हणजे हीटसिंक, यांच्यामध्ये लावायची, हिऱ्याची भुकटी घातलेली थर्मल पेस्ट मी गेले आठ महिने वापरतो आहे. वेष्टनावर हिऱ्याच्या उष्णतावाहकतेचा आकडा ठळक छापलेला आहे आणि तो खोटा नाही: तांब्याची वाहकता साधारण ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन असते, तर चांगल्या हिऱ्याची २,००० च्या पुढे. मात्र हा आकडा अखंड स्फटिकाचा आहे, सिरिंजमधल्या राखाडी लगद्याचा नाही, आणि उत्पादकाने हे स्पष्ट सांगायला हवे होते.

हिऱ्यात उष्णता वाहते ती कार्बनच्या हलक्या, एकमेकांशी घट्ट बांधलेल्या अणूंच्या कंपनांमधून. म्हणूनच विजेचा दुर्वाहक असूनही तो उष्णतेच्या बाबतीत तांब्याला कितीतरी मागे टाकतो. ही कंपने इतकी नाजूक असतात की नैसर्गिक कार्बनमध्ये जेमतेम १.१ टक्का असलेला कार्बन-१३, म्हणजे कार्बनचाच किंचित जड अणू, जवळजवळ काढून टाकला, तर वाहकता ३,००० च्याही वर जाते. भुकटीत तर कणाकणामध्ये तेलाचा पातळ थर येतो, ज्याची वाहकता एक वॅटसुद्धा भरत नाही, आणि उष्णतेला तो पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. त्यामुळे हिरा असूनही ही पेस्ट तांब्याच्या जवळपास पोहोचत नाही.

तरीही पेस्ट चांगली आहे. आधी ताजी साधी पेस्ट लावून आणि मग ही लावून, तेच काम तितकाच वेळ चालवून पाहिले, तेव्हा प्रोसेसरचे तापमान दोन-तीन अंशांनी कमी राहिले. ती विजेची वाहक नसल्यामुळे द्रवरूप धातूच्या पेस्टसारखी शॉर्ट सर्किटची धास्ती नाही. लावणे मात्र कष्टाचे आहे, कारण दट्ट्या दाबताना अंगठा दुखतो. सिरिंज टोपण घट्ट लावून कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवली की लगदा सैल होतो. मग मधोमध एक ठिपका ठेवून हीटसिंकच्या दाबानेच तो पसरू द्यावा.

अखंड हिऱ्याचा खरा उपयोग पाहायचा असेल, तर तो वायूपासून थर चढवून बनवलेल्या चकत्यांमध्ये दिसतो. लेझर डायोड आणि गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर अशा खूप तापणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागांखाली त्या बसवतात. तिथेही अडचण आहेच: चकती तांब्यावर जोडली, तर तापल्यावर तांबे हिऱ्याच्या दहापटींहून अधिक प्रसरण पावते, आणि जोडावर ताण येतो.

माझी मोठी तक्रार सफाईची आहे. तपासणीसाठी हीटसिंक काढून पेस्ट कापडाने घासली, तेव्हा प्रोसेसरच्या झाकणावरची अक्षरे पुसट झाली आणि तिरप्या प्रकाशात बारीक चरे दिसू लागले. भुकटी हिऱ्याची असल्याने हे ओघानेच आले, पण वेष्टनावर त्याची सूचना नव्हती. आता मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पेस्ट पूर्ण भिजवतो आणि न घासता टिपून घेतो. लॅपटॉपमधल्या उघड्या चिपवर मात्र मी ही पेस्ट लावणार नाही.